गरवण्याची काठी कशी पारखावी?

व्यापाराला भांडवल लागते हे सर्वांना ठाऊक आहे. पण मालाची ओळख हेही एक भांडवलच आहे, हे आपल्यापैकी बरेच जण विसरतात. पैशाचे भांडवल उसने मिळते. मालाची ओळख मात्र स्वतःच करून घ्यावी लागते. आज अशाच एका मालाची ओळख करून घेऊ.

किनारपट्टीच्या गावांतून आणि मुंबईच्या बाजारांतून तंगूस, गळ, शिसे, जाळी, दोरखंड विकणारी आपल्या बांधवांची दुकाने आहेत. या दुकानांत पूर्वी काठी विकली जात नसे. हाताने दोरी सोडून गरवणारा माणूस काठी मागत नव्हता, आणि ज्याला हवी असे तो बांबू तोडून आणत असे. आता दिवस बदलले आहेत. हौसेने गरवणारी तरुण मंडळी दुकानात येतात आणि विचारतात, "जिगसाठी रॉड आहे का? सॉफ्ट प्लॅस्टिकला कुठला चालेल?" दुकानदार भिंतीला टेकवून ठेवलेल्या काठ्यांपैकी सर्वांत चकचकीत काठी काढून देतो. आठ दिवसांनी गिऱ्हाईक तीच काठी दोन तुकड्यांत घेऊन परत येते. मग वाद होतो. पैसे परत करावेत तर नुकसान, न करावेत तर गिऱ्हाईक कायमचे तुटते. काठी विकण्याआधी पाच मिनिटे चौकशी केली असती, तर बहुतेक वेळा ही पाळीच आली नसती.

हे शास्त्र आले कोठून?

आज जगभर विकल्या जाणाऱ्या हलक्या काठ्यांवर जे आकडे आणि शब्द छापलेले असतात, त्यांतले पुष्कळसे अमेरिकेतल्या 'बास' माशाच्या शिकारीतून आलेले आहेत. मोठ्या तोंडाचा बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातल्या तळ्यांत आणि संथ नद्यांत राहणारा गोड्या पाण्यातला मासा. तो पाणवनस्पतीत, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत, धक्क्यांच्या खांबांखाली दबा धरून बसतो आणि जवळून जाणारे भक्ष्य तोंड उघडून ओढून घेतो. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोचा बास पकडला. त्या वजनाची बरोबरी व्हायला ७७ वर्षे लागली. जुलै २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने जवळपास तेवढ्याच वजनाचा मासा काढला, आणि विक्रमाच्या यादीत दोघांची नावे शेजारी शेजारी आली.

या धंद्याला खरे वळण दिले ते एका साध्या माणसाने. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावच्या निक क्रीम याने १९४९ मध्ये मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ तयार केला. त्याआधी रबराची आमिषे होती, पण ती कडक असत आणि पाण्यात जिवंत दिसत नसत. क्रीमने घरीच प्लॅस्टिक, तेल आणि रंग यांचे मिश्रण करून साच्यात ओतले. त्यातून पुढे मोठा उद्योग उभा राहिला. १९६७ मध्ये रे स्कॉट याने आर्कान्सा राज्यातल्या बीव्हर सरोवरावर बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली. स्पर्धा वाढल्या, बक्षिसे वाढली, आणि प्रत्येक आमिषाला वेगळी काठी बनू लागली. आपल्या दुकानात येणाऱ्या काठ्या त्याच वंशाच्या आहेत. म्हणून आधी तिथली रीत समजून घ्यावी आणि मग आपल्या खाडीकडे यावे.

जिग म्हणजे काय, मऊ प्लॅस्टिक म्हणजे काय?

जिग म्हणजे ज्याच्या दांडीवर शिशाचे डोके ओतलेले आहे असा गळ. डोक्याच्या मागे रबराच्या किंवा सिलिकॉनच्या झिरमिळ्या लावतात. गवतात अडकू नये म्हणून बास जिगच्या गळापुढे ताठ केसांचा झुपका असतो. हा जिग तळाला जातो आणि तळावरून टुणटुण उड्या मारत चालवला जातो.

मऊ प्लॅस्टिक म्हणजे गांडूळ, सरडा, खेकडा, कोळंबी किंवा लहान मासा यांच्या आकाराचे लवचीक आमिष. ते जिगच्या गळावर चढवतात किंवा नुसत्या गळावर लावतात. टेक्सास पद्धतीत पुढे गोळीच्या आकाराचे शिसे येते आणि गळाचे टोक प्लॅस्टिकच्या पोटातच दडवून ठेवतात. त्यामुळे आमिष झाडीत टाकले तरी अडकत नाही.

काठीच्या निवडीचा सगळा हिशेब या रचनेत आहे. तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, मासा बहुधा आमिष खाली पडत असताना घेतो. तेव्हा जोराचा हिसका बसत नाही. हाताला नुसती बारीक टिचकी जाणवते, कधी दोरी बाजूला सरकते एवढेच. काठीने ही टिचकी हातापर्यंत पोचवली पाहिजे.

दुसरी गोष्ट, गळ आधी प्लॅस्टिकमधून किंवा केसांच्या झुपक्यातून बाहेर पडतो आणि मगच माशाच्या जबड्यात शिरतो. जिगचा गळ जाडही असतो. म्हणून हिसका देताना काठी मधोमध लुळी पडता कामा नये.

तिसरी गोष्ट, मासा लागल्यावर तो झाडीत घुसण्याआधी त्याला बाहेर ओढावे लागते. काठीच्या खालच्या भागात दम हवा.

म्हणजे शेंडा हलका व जागरूक आणि बुंधा मजबूत, अशी काठी या कामाला लागते.

काठीवर लिहिलेले चार शब्द

मुठीच्या वर काठीवर बारीक अक्षरांत जे छापलेले असते, ते मालाचे जन्मपत्रक समजावे. ते वाचता येत नसेल तर काठी विकू नये.

१) लांबी. ही फूट-इंचांत असते. बासच्या काठ्या साधारण साडेसहा ते आठ फुटांच्या असतात. सात फूट (२१३ सेंटीमीटर) ही मधली आणि सर्वांत उपयोगी लांबी. लांब काठीने फेक दूर जाते आणि हिसक्यात जास्त दोरी ओढली जाते. आखूड काठीने झाडाखाली, होडीतून, अडचणीच्या जागी नेम चांगला लागतो.

२) ताकद, म्हणजे पॉवर. काठी वाकवायला किती जोर लागतो ते हा शब्द सांगतो. लाइट, मीडियम लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी, एक्स्ट्रा हेवी असा चढता क्रम असतो.

३) वाक, म्हणजे ॲक्शन. काठी कोठून वाकते ते हा शब्द सांगतो. एक्स्ट्रा फास्ट काठीचा फक्त शेंडा वाकतो, फास्ट काठीचा साधारण वरचा तिसरा हिस्सा वाकतो, मॉडरेट काठी मधोमधपर्यंत वाकते आणि स्लो काठी मुठीपर्यंत गोल होते.

४) दोरी व आमिषाचे वजन. दोरी पौंडांत आणि आमिष औंसांत दिलेले असते. अर्धा औंस म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, पाऊण औंस म्हणजे २१ ग्रॅम, एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. दहा पौंडांची दोरी म्हणजे साडेचार किलोची, वीस पौंडांची म्हणजे नऊ किलोची.

दुकानदाराची सर्वांत मोठी चूक दुसऱ्या आणि तिसऱ्या शब्दांत होते. 'फास्ट' म्हणजे मजबूत आणि 'स्लो' म्हणजे कमजोर असे अनेक जण समजतात. ते साफ चुकीचे आहे. हिरवी छडी हातात घ्या. ती मुठीपर्यंत वाकेल. वाळलेल्या बारीक बांबूचा शेंडाच तेवढा वाकेल. हा वाकेतला फरक झाला. आता त्याच जातीचा दुप्पट जाड बांबू घ्या; तोही शेंड्यालाच वाकेल, पण वाकवायला जोर जास्त लागेल. हा ताकदीतला फरक झाला. लाइट काठी फास्ट असू शकते आणि हेवी काठी मॉडरेट असू शकते. एवढा एक मुद्दा नीट समजला तरी निम्मे काम झाले.

कोणत्या आमिषाला कोणती काठी?

पाव ते पाऊण औंसांचे जिग आणि टेक्सास पद्धतीची आमिषे: सात फुटांच्या आसपास, मीडियम हेवी, फास्ट. दोरी १२ ते २० पौंड. रीळ मुठीच्या वर बसणारे, ज्याला बेटकास्टर म्हणतात. गिऱ्हाइकाला एकच काठी घ्यायची असेल तर हीच द्यावी. बासवाले या काठीने निम्म्याहून अधिक कामे उरकतात.

दाट झाडीत टाकायचे जड जिग, अर्धा ते एक औंस व त्यावर: सव्वासात ते साडेसात फूट, हेवी, फास्ट. दोरी जाड, बहुधा विणलेली. इथे दूर फेकायचे नसते. जवळच्या झुडपात आमिष सोडून मासा उचकटून बाहेर काढायचा असतो.

हलकी मऊ प्लॅस्टिके, पाव औंसाच्या आतली: साडेसहा ते सात फूट, मीडियम किंवा मीडियम लाइट, फास्ट. दोरी ६ ते १० पौंड. रीळ मुठीच्या खाली लटकणारे, म्हणजे स्पिनिंग. हलके आमिष बेटकास्टरवरून नीट सुटत नाही आणि नवशिक्याच्या रिळात दोरीचे घरटे होते.

तीन काट्यांचे गळ लावलेले लाकडी किंवा कडक प्लॅस्टिकचे मासे: मॉडरेट काठी. हे आमिष सतत ओढत आणायचे असते. काठी ताठ असली तर बारीक काटे माशाच्या तोंडातून फाटून निघतात. जिगसाठी जी काठी उत्तम, ती इथे निकामी ठरते.

म्हणून "सगळ्यात चांगला रॉड दाखवा" असे कोणी म्हटले, की उलट विचारावे, "कशासाठी?" सुताराकडे पटाशी आणि रंधा दोन्ही असतात, त्यांत चांगले कोणते असे कोणी विचारत नाही.

काठी कशाची बनते?

पूर्वी उत्तम काठ्या चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात होणाऱ्या टोंकिन बांबूच्या असत. बांबू चिरून त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या अचूक तासायच्या आणि सरसाने जोडून षटकोनी काठी करायची, असे ते नाजूक काम होते. १९५० नंतर अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि हा बांबू तिकडे मिळेनासा झाला. तोपर्यंत काचतंतूंच्या, म्हणजे फायबरग्लासच्या काठ्या बाजारात आल्या होत्या. त्यांनी जागा घेतली. १९७० नंतरच्या दशकात कार्बन तंतूंच्या काठ्या आल्या, ज्यांना बाजारात ग्रॅफाइट म्हणतात.

काचतंतूची काठी जड, पण सोशिक. ती आपटली, दाबली तरी सहसा टिकते. तिचा वाक मऊ असतो आणि टिचकी हातापर्यंत कमी पोचते. कार्बनची काठी हलकी, ताठ आणि बोलकी, पण तिला ओरखडा आणि चेपणे सहन होत नाही. जिग आणि मऊ प्लॅस्टिकसाठी कार्बनच हवी, हे वरील तीन गोष्टींवरून लक्षात येईल. दोन्ही तंतू मिसळलेल्या काठ्याही मिळतात. नवशिक्याला त्या सोयीच्या पडतात.

कार्बनच्या काठीवर 'आयएम-६', 'आयएम-७', '३० टन', '४० टन' असे लिहिलेले असते. जितका टनाचा आकडा मोठा, तितका तंतू ताठ आणि काठी हलकी करता येते. परंतु पातळ भिंतीची ताठ काठी तितकीच ठिसूळही असते. आयएम ही अक्षरे तर मूळची एका विशिष्ट उत्पादकाच्या तंतूची नावे आहेत. ती सर्व कारखान्यांना लागू असलेली प्रत नव्हे. अनेक जण ती हवी तशी छापतात. म्हणून आकड्यावर भाव ठरवू नये. काठी हातात घेऊन ठरवावा.

दुकानात पारख कशी करावी?

घाऊक माल आला की प्रत्येक काठी खालीलप्रमाणे तपासावी. एका काठीला पाच मिनिटे पुरतात.

१) उजेडात धरून डोळ्याने सरळपणा पाहावा. मुठीकडून शेंड्याकडे नजर लावावी. कड्या एका रेषेत आहेत की नाहीत ते लगेच दिसते.

२) कड्या मोजाव्यात. साधारण हिशेब असा, की काठी जितक्या फुटांची, तितक्या कड्या आणि वर एक. सात फुटांच्या काठीला शेंड्याची धरून आठ तरी असाव्यात. कड्या कमी असल्या तर दोरी काठीच्या वाकाबरोबर जात नाही आणि जोर एका ठिकाणी साचतो.

३) कडीच्या आतील चिनी मातीच्या वळ्यात कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकला तर वळ्याला तडा आहे. असा तडा विणलेली दोरी एका दिवसात कापून काढतो.

४) कडीच्या पायावरील दोऱ्याचे गुंडाळणे आणि त्यावरील लेप पाहावा. लेपात बुडबुडे, उघडा दोरा किंवा हलणारी कडी असल्यास काठी बाजूला ठेवावी.

५) रिळाची बैठक आवळून पाहावी. रीळ बसवल्यावर डुगडुगता कामा नये.

६) दोन तुकड्यांची काठी असल्यास सांधा घट्ट बसतो का पाहावे. हलकेच पीळ देऊन बसवावा आणि तसाच काढावा. सैल सांध्याला मेणबत्तीचे मेण चोळले तर तात्पुरते चालते. पण नवीन काठीचा सांधा सैल असेल तर ती परत पाठवावी.

७) वाक तपासण्यासाठी शेंडा हाताने धरून कधीही ओढू नये. दुकानात मोडणाऱ्या काठ्या अशाच मोडतात. रीळ लावा, दोरी सर्व कड्यांतून ओवा आणि टोकाला अर्धा लिटर पाण्याने भरलेली बाटली बांधा. काठी जमिनीला समांतर धरून बाटली सावकाश उचला. कोठे वाक येतो आणि बुंधा किती ताठ राहतो ते गिऱ्हाइकालाही दिसते. शेजारी दुसरी काठी तशीच दाखवली की शंभर शब्दांचे काम होते. फक्त लाइट काठीला हे वजन जास्त होते. तिला पाव लिटर पुरे.

८) रीळ लावून काठी एका बोटावर तोलून पाहावी. तोल रिळाच्या थोडा पुढे आला तर उत्तम. शेंडा खाली जात असेल तर दिवसभर जिग चालवणाऱ्याचे मनगट दुखते.

काठी तुटून परत आली तर

या धंद्यातला खरा कस इथे लागतो. गिऱ्हाईक म्हणते, "काठीच खराब होती." दुकानदार म्हणतो, "तुम्हीच मोडली." दोघांनी आवाज चढवण्याआधी तुकडा हातात घेऊन पाहावा.

शेंड्यापासून वीतभर अंतरावर तुटली असेल तर बहुधा दरवाजात सापडली, पंख्याला लागली, किंवा मासा पायाशी आल्यावर काठी डोक्यामागे उभी उचलली. उभी उचलली की सगळे वजन बारीक शेंड्यावर येते. तुटलेल्या जागी नळी चेपून लांबट झाली असेल तर आधी मार बसलेला आहे. मधोमध किंवा मुठीजवळ तुटली असेल तर जोर अति झाला किंवा मालात ऐब होता. पहिल्याच दिवशी हलक्या जोरात मुठीजवळ तुटली, तर गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार करावा. चिन्हांवरून नेहमीच खात्री होत नाही. पण पुष्कळदा होते.

आपल्याकडे काठी मोडण्याचे एक खास कारण आहे, ते म्हणजे विणलेली दोरी. काठीवर २० पौंड लिहिलेले असते आणि माणूस ५० पौंडांची विणलेली दोरी भरतो. ही दोरी बारीक असते, ताणत नाही, तुटत नाही. मग तुटते ती काठी. जाड दोरी भरू नये असे नाही. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटण्याचा दाब, काठीच्या मापाने ठेवावा. काठीवर लिहिलेल्या दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा दाब पुरतो. वीस पौंडांच्या काठीला दोन ते तीन किलो. वजनकाट्याला दोरी बांधून ओढले की दाब कळतो.

गळ खडकात अडकला तर काठीने हिसके देऊ नयेत. काठी सरळ गळाच्या दिशेने धरावी, दोरी फडक्यात किंवा लाकडाला गुंडाळून मागे ओढावी. मासा दोरीवर लोंबकळत उचलू नये, जाळीने घ्यावा.

या चार सूचना एका कागदावर छापून प्रत्येक काठीबरोबर द्याव्यात आणि विकतानाच तोंडी सांगाव्यात. शिवाय एक सूचना जिवाची आहे. कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली काठी उभी धरू नये, आणि आभाळात वीज चमकू लागली की काठी आडवी ठेवून निघावे. ही गोष्ट न सांगता कार्बनची काठी विकणे बरोबर नाही.

कारागीर बांधवांसाठी

ज्यांच्या हातात दोऱ्याचे, सुईचे, जरीचे काम आहे, त्यांना या मालात दुरुस्तीचा एक छोटा जोडधंदा आहे. महागडी काठी एका कडीसाठी फेकून दिली जाते, कारण गावात दुरुस्त करणारा कोणी नसतो.

शेंड्याची कडी बदलणे सर्वांत सोपे. जुनी कडी हलक्या उष्णतेने सैल करावी. थेट ज्योत काठीला लावू नये. त्याने कार्बनमधील राळ जळते. नवी कडी गरम करून लावायच्या गोंदाने, म्हणजे हॉट मेल्टने बसवावी, म्हणजे पुढे पुन्हा काढता येते.

मधली कडी बसवताना जुना दोरा पात्याने कडीच्या पायावरूनच कापावा, काठीवरून नव्हे. पात्याचा एक ओरखडा काठीचे आयुष्य संपवतो. नव्या कडीच्या पायाची टोके कानशीने पातळ करावीत, म्हणजे दोरा त्यावर सरळ चढतो. कडी चिकटपट्टीने तात्पुरती धरून इतर कड्यांशी रेषेत आणावी. नायलॉनचा बारीक दोरा एकसारख्या ताणाने, फेऱ्याला फेरा चिकटवून गुंडाळावा. शेवटच्या सात-आठ फेऱ्यांखाली दोऱ्याचा एक फास घालून ठेवावा. शेवटचे टोक त्या फासातून ओवून फास ओढला की टोक आत जाते आणि गाठ मारावी लागत नाही. मग दोन भागांचा इपॉक्सी लेप सिरिंजने समसमान मोजून, नीट मिसळून, पातळ लावावा. माप चुकले तर लेप महिनाभर चिकट राहतो. लेप ओघळू नये म्हणून काठी मंद गतीने फिरत राहिली पाहिजे. मिनिटाला दहा-पंधरा फेरे देणारी छोटी मोटर पुरते. किमान एक दिवस वाळू द्यावे.

शेंड्याकडून दोन-तीन इंच तुटलेली काठी साफ कापून त्यावर मापाची कडी बसवता येते. मात्र शेंडा गेला की काठी ताठ होते. "आता ही पूर्वीसारखी टिचकी देणार नाही," हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. मधून तुटलेली काठी जोडून नवी म्हणून विकण्याचा मोह मात्र टाळावा. असा माल एकदाच विकला जातो; त्यानंतर दुकानाचे नावच विकले जात नाही.

काही जण घरी शिसे वितळवून जिग ओततात. शिसे ३२७ अंशांना वितळते. ओलसर साच्यात ओतले तर पाण्याची वाफ होऊन शिसे उडते आणि डोळा जातो. हे काम स्वयंपाकघरात, मुलांजवळ किंवा बंद खोलीत कधीही करू नये. शिसे शरीरात साठते. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नये.

आपल्या खाडीसाठी काय?

बास आपल्या पाण्यातला मासा नाही. पण त्याच्याच सवयीचा एक मासा आपल्याकडे आहे: जिताडा. रायगडकडे, विशेषतः अलिबागच्या बाजूला, जिताड्याचा मान किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तोही खारफुटीच्या मुळांत, बांधाच्या उघडीजवळ, खांबांच्या सावलीत दबा धरतो आणि तोंड उघडून भक्ष्य ओढून घेतो. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात, आणि तिथले हौशी लोक त्याच्यासाठी बासच्या काठ्यांशी मिळत्याजुळत्या काठ्या वापरतात. तांबोशीही त्याच मुळांत राहते आणि लागल्याबरोबर बिळाकडे धावते. तेव्हा सात फुटांची मीडियम हेवी फास्ट काठी, मऊ प्लॅस्टिकचा मासा आणि अर्ध्या औंसाचे जिगचे डोके हा संच आपल्या खाडीत कामाचा आहे. मोठ्या जिताड्याची अपेक्षा असेल तर हेवी काठी द्यावी.

फरक फक्त मिठाचा आहे. बासची काठी गोड्या पाण्यासाठी बनते. खाऱ्या पाण्यात तिच्या कड्यांच्या चौकटी गंजतात आणि रिळाची बैठक जाम होते. घरी आल्यावर काठी व रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन, पुसून, सावलीत वाळवावे. खरेदी करताना खाऱ्या पाण्याला टिकणाऱ्या कड्या मागाव्यात. दोन तुकड्यांची काठी एसटीत आणि लोकलमध्ये नेता येते. एक तुकड्याची काठी दरवाजात मोडते. पीव्हीसी नळाचा तुकडा दोन्ही बाजूंनी टोपणे लावून दिला तर काठीची पेटी तयार होते, आणि दुकानदाराला चार पैसे सुटतात.

नवीन सुरुवात करणाऱ्याने डझनभर काठ्यांचा साठा करायचा असेल तर विभागणी अशी ठेवावी: सहा काठ्या सात फुटी मीडियम हेवी फास्ट, तीन स्पिनिंगच्या मीडियम फास्ट, दोन हेवी, एक मॉडरेट. चकचकीत रंगाच्या बारा वेगवेगळ्या काठ्या आणण्यापेक्षा हे बरे. सुटे भाग, म्हणजे शेंड्याच्या कड्या तीन-चार मापांच्या, नेहमी जवळ ठेवाव्यात. बाहेरदेशाहून माल मागवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की सीमाशुल्काच्या यादीत हा माल ९५०७ या शीर्षकाखाली येतो. चालू दर आपल्या करसल्लागाराकडून विचारून मगच भाव बांधावा.

पाच प्रश्न

शेवटी, गिऱ्हाईक काठी मागायला आले की हे पाच प्रश्न विचारावेत.

कोणता मासा? कोठे – खडकावरून, होडीतून की खाडीच्या काठावरून? आमिष किती वजनाचे? दोरी कोणती भरणार? आणि रीळ वर बसणारे की खाली लटकणारे?

या पाचांची उत्तरे मिळाली की काठी आपोआप ठरते. गिऱ्हाइकाला स्वतःलाच उत्तरे ठाऊक नसतील, तर ती शोधायला त्याला मदत करावी. त्याला परवडणारी, त्याच्या कामाची काठी द्यावी, मग ती दुकानातली सर्वांत स्वस्त का असेना. महाग काठी विकून एकदा नफा होतो. योग्य काठी विकली की तोच माणूस दोरीला, गळाला, शिशाला, पुढच्या वर्षी रिळाला आणि नंतर आपल्या मुलाच्या पहिल्या काठीला त्याच दुकानाची पायरी चढतो.